दाखवायची गाठ

माणसाने आगीवर विजय मिळवला, मग पाण्यावर मिळवला, आणि २०३८ सालच्या फेब्रुवारीत, अकोल्यातल्या एका दुमजली नाक-कान-घसा रुग्णालयात, त्याने रक्तावर विजय मिळवला. पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या नाकामागे, कवटीच्या तळाला चिकटून बसलेली, निव्वळ रक्तवाहिन्यांची गाठ दोन चमचे रक्तसुद्धा न सांडता निकामी करण्यात आली. डॉ. पराग हिरुळकर मास्क काढत थिएटरबाहेर आले आणि ही ऐतिहासिक बातमी त्यांनी मुलाच्या काकांच्या कानावर घातली. काकांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"ते सारं ठीक हाये, साहेब," ते म्हणाले. "पन गाठ कुठी हाये?"

रक्तावरचा विजय साधारण दीड मिनिट टिकला.

या गाठीबद्दल थोडं सांगायला हवं. ती कर्करोग नव्हे. पुस्तकात ती 'साधी' या सदराखाली येते, आणि ते वाचून निर्धास्त झालेल्या सर्जनचा भ्रम पहिल्याच शस्त्रक्रियेत फिटतो. वयात येणाऱ्या मुलांनाच ती होते. नाकाच्या पार मागे, घशाच्या छतापाशी. मुलाचं एका बाजूचं नाक चोंदतं, मग एक दिवस वर्गात बसल्या बसल्या घोळणा फुटून वहीभर रक्त होतं. आपलं बोट कापलं तर तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसून रक्त थांबवतात. या गाठीतल्या वाहिन्यांच्या भिंतींना आक्रसणारे स्नायूच नसतात, त्यामुळे एकदा तोंड उघडलं की त्या उघड्याच राहतात. म्हणून तपासणीसाठी तिचा तुकडादेखील कुणी काढत नाही. स्कॅनवर ओळखायची आणि काढायची ती एकदम, सबंध.

हिरुळकरांच्या तरुणपणी ती अशीच काढत. आदल्या दिवशी मांडीतून बारीक नळी सरकवून गाठीचा रक्तपुरवठा बुजवायचा, दुसऱ्या दिवशी नाकातून दुर्बीण घालून पाच-सहा तास झुंजायचं, रक्ताच्या चार पिशव्या हाताशी ठेवायच्या. हिरुळकर त्यात वाकबगार होते. विदर्भातली अर्धीअधिक नाकं त्यांच्याकडे येत.

मग यंत्र आलं. कंपनीने त्याला भारदस्त नाव दिलं होतं, पण थिएटरमधल्या मंडळींनी त्याचं नाव जळू ठेवलं. दुर्बिणीच्या शेजारून केसाएवढा एक तंतू नाकात शिरतो. त्याच्या टोकाला कान असतो म्हटलं तरी चालेल. आतून वाहणाऱ्या रक्ताची सळसळ तो टिपतो आणि गाठीला पोसणारी प्रत्येक वाहिनी तिच्या उगमापर्यंत शोधून काढतो. तिथे जेलीचा एक थेंब सोडतो, त्यावर निळा प्रकाश टाकतो आणि थेंब घट्ट होऊन वाहिनी बंद. अशा पाच-पंचवीस वाहिन्या बंद झाल्या की गाठ उपाशी पडते. पुढच्या पाच-सहा आठवड्यांत ती वाळते, आणि शरीर तिचा चुरा हळूहळू उचलून नेतं. कापायचं काहीच नाही. सर्जनने फक्त खुर्चीत बसून मान डोलवायची. अर्थात काढलेलंच काही नसल्याने दाखवायलाही काही नाही, आणि घोळ इथेच होता.

कारण आपल्याकडे शस्त्रक्रिया टाके घातल्यावर संपत नाही. स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून काढलेली वस्तू नातेवाइकांना दाखवली की संपते. मुतखडा असो, अपेंडिक्स असो, पित्ताशय असो. घरच्यांनी ती वाकून बघायची, कुणीतरी "अरे बापरे" म्हणायचं, कुणीतरी फोटो काढायचा. त्याशिवाय माणूस बरा झाल्याचं घराला पटत नाही. महिन्याभरात मूर्तिजापूरपासून मलकापूरपर्यंत बातमी पसरली की हिरुळकर नाकात तार घालतात, बाहेर काढतात, अन् गाठ आतच ठेवतात. दुर्दैवाने बातमी शब्दशः खरी होती. ओपीडीतली बाकं रिकामी पडू लागली. पोरं पुन्हा जुन्या पद्धतीच्या सर्जनांकडे जाऊ लागली, आणि त्यातलं एक पोर वाशीमला ऑपरेशनच्या टेबलावरच गेलं.

ते कळलं त्या दिवशी हिरुळकरांनी कपाटातून बरणी काढली.

बरणीत २०३२ साली त्यांनी स्वतःच्या हातांनी काढलेली एक गाठ होती. संकेत डोंगरदिवे नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाची. पाच तास लागले होते. लिंबाएवढी, गुळगुळीत, इतकी देखणी निघाली की ती कापून तपासणीला पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. स्कॅन स्पष्ट होता, निदान उघड होतं. त्यांनी ती फॉर्मालिनमध्ये ठेवून दिली.

आता थिएटरच्या इनचार्ज तायडे सिस्टर ती धुऊन, लाल औषधाचे दोन थेंब शिंपडून ट्रेमध्ये ठेवू लागल्या. पहिल्या दिवशी हिरुळकरांना जेवण गेलं नाही. पाचव्या वेळी त्यांनी बोटाने दाखवत "इथून रक्त येत होतं" असं सांगितलं. विसाव्या वेळेपर्यंत त्यांचं छान पाच मिनिटांचं भाषण तयार झालं होतं. तीन वर्षांत चौऱ्याऐंशी घरांनी ती गाठ पाहिली. सगळी मुलं बरी झाली. मनाला टोचणी लागली की हिरुळकर हेच वाक्य मनात म्हणत: सगळी मुलं बरी झाली.

रियांश इंगोले पंच्याऐंशीवा.

त्याचे वडील स्वप्नील इंगोले बाळापूरला एसटीच्या चार्जिंग डेपोत होते, आई कोमल अंगणवाडीत. सोमवारी सकाळी जळूने एकोणीस वाहिन्या बंद केल्या. दुपारी हिरुळकर ट्रे घेऊन बाहेर आले.

"बाप्पा!" स्वप्नील म्हणाला. "एवढं मोठं? पोट्टं श्वास कुठून घेत होतं मंग?"

"तोंडातून," कोमल म्हणाली. "म्हनून तर वर्षभर बोंबलत होतं."

स्वप्नीलने वाकून हिरुळकरांच्या पायांना हात लावला. ट्रे हातात असल्याने हिरुळकरांना त्याला अडवता आलं नाही. निदान त्यांनी मनाची समजूत तरी तशी घातली.

त्याच संध्याकाळी ते पुण्याच्या परिषदेला गेले. तायडे सिस्टर मंगळवारपासून भाचीच्या लग्नासाठी आठवडाभर रजेवर होत्या. त्यांच्या जागी वाशीमहून नवी सिस्टर आली होती, आणि तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. मंगळवारी तिला थिएटरच्या फ्रिजशेजारी एक बरणी दिसली. बरणीवर नाव नाही, तारीख नाही. आदल्या दिवशी एकच गाठ निघाली होती. पेशंटचा नमुना असा बेवारशी पडलेला बघून ती घाबरली. तिने लेबल लिहिलं, 'रियांश स्वप्नील इंगोले, वय १५', फॉर्म भरला, आणि आपल्याकडे सगळीकडे करतात तसं केलं: बरणी पिशवीत घालून पेशंटच्या वडिलांच्या हातात दिली.

"हे लॅबमध्ये नेऊन द्या. सांभाळून न्या, सांडू नका."

त्या रुग्णालयात तीन वर्षांनी कुणीतरी नियमाप्रमाणे वागलं होतं. स्वप्नीलने ती बरणी पोटाशी धरून, रिक्षात न बसता, पायी लॅबपर्यंत नेली.

नमुन्याचे पातळ काप लावलेल्या काचा, म्हणजे स्लाइड, बघणारे डॉक्टर आता बहुतेक लॅबमध्ये नसतात, यंत्र बघतं. बुधवारी दुपारी अहवाल आला. दुर्मीळ जातीचा, झपाट्याने पसरणारा कर्करोग. खात्री एक्क्याण्णव टक्के. अहवाल आपोआप रियांशच्या नावच्या ऑनलाइन आरोग्यखात्यात नोंदला गेला, खात्याने आपोआप नागपूरच्या एका कर्करोग रुग्णालयात शुक्रवारची वेळ घेतली, आणि एक प्रत आपोआप सर्जनकडे गेली. सर्जन त्या वेळी पुण्यात, 'रक्ताविना शस्त्रक्रिया' या विषयावर बोलून, टाळ्या घेऊन, खाली उतरत होते.

अहवाल त्यांनी दोनदा वाचला. बरणीतली गाठ रियांशची नाही हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं दुसरं माणूस लग्नात होतं.

त्यांनी ताबडतोब स्वप्नीलला फोन लावला. आता सांगून टाकायचं, असं ठरवूनच लावला.

"साहेब," पलीकडून बारीक आवाज आला. "वाचलं तुमी?"

"वाचलं. स्वप्नीलराव, ऐका. हा अहवाल चुकीचा असू शकतो. घाई करू नका. मी आलो की..."

"साहेब, तुमी होते म्हनून तरी कळलं. दुसऱ्यानं गाठ फेकून देली असती." तो पुढे म्हणाला, "आमी नागपूरले निघतो उद्या. तुमच्यावर इस्वास हाये, पन आता थांबनं जमत नाही."

हिरुळकर म्हणाले, "मी भेटून बोलतो." भेटून बोलतो हे वाक्य फार सोयीचं असतं. ते फोनवर बोलता येतं.

रात्रीच्या गाडीत त्यांच्या दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि तिच्यापुढे पहिली बरी वाटली.

गाठ रियांशची नव्हती. गाठ संकेत डोंगरदिवेची होती. आणि तिच्यात कर्करोग निघाला होता. नऊ वर्षांपूर्वी, ती देखणी होती म्हणून, त्यांनी ती तपासणीला पाठवली नव्हती, आणि त्या मुलाच्या बापाला पाठीवर थाप मारून सांगितलं होतं, "साधी गाठ आहे. विसरून जा."

गुरुवारचा सगळा दिवस त्यांनी जुनी रजिस्टरं चाळण्यात घालवला. खरं तर त्यांनी नागपूरला जायला हवं होतं. पण नागपूरला गेल्यावर बोलावं लागलं असतं. रजिस्टर शोधताना काम केल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी नंबर सापडला. संकेत आता पंचवीस वर्षांचा होता, खामगावला सौरपंप दुरुस्त करत होता. म्हणजे जिवंत होता. हिरुळकरांनी डोळे मिटून दोन मिनिटं टेबलावर डोकं टेकलं आणि मग फोन लावला.

"नाक कसं आहे आता?"

"कोन बोलतं?"

"रुग्णालयातून. जुन्या पेशंटची चौकशी करतोय."

"नाक बरं हाये. वास जरा कमी येते." मागे कुठेतरी मोटर सुरू झाली. "अन् डॉक्टरसाहेबाईले नमस्कार सांगजा. माय अजून त्यांचं नाव घेते."

"डोकं दुखतं का? वजन कमी झालंय?"

"नाही ना. काहून?"

"फॉर्ममध्ये आहे," हिरुळकर म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी ते नागपूरला पोहोचले.

कर्करोग रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाकावर इंगोले कुटुंब बसलेलं होतं. रियांशचा डावा गाल सुजून आला होता, तोंडात कापसाचा बोळा होता, हनुवटीवर लाळेची आणि रक्ताची एक बारीक रेघ.

"हे काय?" हिरुळकरांनी विचारलं.

"दाढा काढल्या काल," कोमल म्हणाली. "दोन. जबड्यावर किरनं द्यायची हायेत म्हने. त्याच्याआधी किडक्या दाढा काढा लागते, नाहीतर मांगून हाड सडते. जखम भरायले दोन हप्ते लागतात म्हनून आधी दाढा काढल्या, गाठीच्या काचा नंतर पाहू म्हनाले."

"किडल्या होत्या?"

"जराशा."

जराशा किडलेल्या दाढेत सिमेंट भरतात. गुरुवारी ते इथे आले असते तर या दोन्ही दाढा अजून रियांशच्या तोंडात असत्या. हिशोब इतका सोपा होता, की त्यात कुठे लपायला जागा नव्हती.

ते उभ्या उभ्याच बोलले. बसून बोलायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांना वाटलं. शिवाय बाकावर जागाही नव्हती.

"ती गाठ रियांशची नाही. मी तुम्हाला दाखवली ती दुसऱ्याची होती. जुनी. मी सगळ्यांना तीच दाखवतो. रियांशला कर्करोग नाही."

स्वप्नीलला पहिल्यांदा त्यातलं काहीच कळलं नाही. मग एकेक गोष्ट पोहोचू लागली.

"मंग रियांशची कुठी हाये?"

"त्याच्याच नाकात. ती वाळून जाणार आहे. नवी पद्धत तशीच आहे. पण लोकांना गाठ बघितल्याशिवाय पटत नाही, म्हणून..."

"म्हनजे लोक म्हनत होते ते खरंच होतं. काढतच नाही तुमी."

"काढायची गरजच..." हिरुळकर थांबले. "हो. काढत नाही."

स्वप्नील उठला. तो मारणार असं वाटून हिरुळकर जागचे हलले नाहीत. मारलं तर बरं होईल असंही त्यांना वाटलं. पण तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला आणि त्याचे खांदे हलू लागले. हसतोय की रडतोय हे मागून कळत नव्हतं. बहुधा त्यालाही कळत नसावं.

रियांशने कापूस काढला. "पप्पा, मले कॅन्सर नाही का मंग?"

"नाही, बाळा," हिरुळकर म्हणाले.

"तुमाले नाही विचारलं," रियांश म्हणाला.

कोमलने त्याच्या तोंडात कापूस परत बसवला. ती मघापासून हिरुळकरांकडे एकटक बघत होती.

"मंग आमाले दाखवली ते कोनाची?"

"आहे एक मुलगा. खामगावचा."

"कॅन्सर त्याले हाये?"

"असावा."

"त्याले सांगतलं?"

हिरुळकरांनी खिशातला फोन चाचपला.

"तीन दिवसापासून मी देवाले म्हनत होती, माह्या लेकराचं दुसऱ्या कोनाले दे," कोमल म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. "आता ते दुसरं कोन हाये ते कळलं. लावा फोन. आमच्यासमोर लावा."

फोन लागला. हिरुळकरांनी या वेळी स्वतःचं नाव सांगितलं. गाठ सांगितली, बरणी सांगितली, अहवाल सांगितला. नऊ वर्षांपूर्वी तपासणीला पाठवली नव्हती हे सांगितलं आणि का पाठवली नव्हती तेही सांगितलं. 'देखणी होती' हे शब्द त्या कॉरिडॉरमध्ये फार वेळ घुटमळले.

पलीकडे मोटर बंद केल्याचा आवाज आला.

"परवा फोन तुमीच केला होता?" संकेतने विचारलं.

"हो."

"मायले काय सांगू?"

हिरुळकर म्हणाले, "तू इथे ये. मी दारात उभा आहे."

ते खरोखर दारात उभे राहिले. दुपारी तीनला संकेत आईला घेऊन आला. म्हाताऱ्या बाईने हिरुळकरांना ओळखलं, सवयीने हात जोडले, मग काहीतरी आठवून ते खाली घेतले. संकेतचा डोक्यापासून छातीपर्यंत स्कॅन झाला. तो होईपर्यंत इंगोले कुटुंब आपलं सामान बांधून तयार असूनही गेलं नाही. कोमल संकेतच्या आईशेजारी बसून राहिली. एका डब्यातली भाकरी दोघींत झाली.

स्कॅन स्वच्छ निघाला. कुठेही काही नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा बघितला. तरीही काही नाही. झपाट्याने पसरणारा कर्करोग नऊ वर्षांत तसूभरही पसरला नव्हता, आणि याचा अर्थ तिथे कुणालाच लावता येईना.

सोमवारी हिरुळकर अकोल्याच्या आपल्या खोलीत मेडिकल कौन्सिलला पाठवायचा कबुलीजबाब लिहीत बसले होते. समोर रजेवरून परतलेल्या तायडे सिस्टर सगळी हकीकत ऐकून भिंतीला टेकून उभ्या होत्या. तेवढ्यात नागपूरच्या त्याच कर्करोग रुग्णालयातून डॉ. बोधनकरांचा फोन आला. त्या स्वतःच्या डोळ्यांनी स्लाइड बघणाऱ्या उरल्यासुरल्या डॉक्टरांपैकी एक.

"हिरुळकर, तुम्ही दवाखाना चालवता की मटणाचं दुकान?"

"म्हणजे?"

"तुमच्या गाठीच्या काचा बघितल्या. ही गाठ नाही. प्लीहा आहे. आणि माणसाची नाही."

हिरुळकरांनी फोन खाली ठेवला आणि सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर जमिनीकडे बघत होत्या.

"तुमची बरणी पहिल्याच दिवाळीच्या साफसफाईत माझ्या हातून फुटली, सर. गाठ फिनेलमध्ये पडली. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. तुम्हाला कसं सांगू कळेना. मग मी मटणवाल्याकडून बोकडाची प्लीहा, तिल्ली म्हणतात ती, आणली, छाटून गोल केली. दर सहा महिन्यांनी बदलते. जुनी काळी पडते ना."

"एवढी वर्षं? आणि मला कळलं नाही?"

"तुम्ही ट्रेमध्ये बघतच नव्हता, सर. तुम्ही नातेवाइकांच्या तोंडाकडे बघत होता."

हिरुळकरांनी कबुलीजबाबात एक परिच्छेद वाढवला. मग संकेतला फोन केला, मग स्वप्नीलला. स्वप्नीलने सगळं ऐकून घेतलं. रियांशला चोंदलेल्या नाकपुडीतूनही थोडाथोडा श्वास येऊ लागलाय, भाकरी मात्र उजव्या बाजूने चावतो, एवढं त्याने सांगितलं. आणि मग विचारलं, "पन बोकड होतं तर यंत्रानं कॅन्सर काहून सांगतला?"

हिरुळकरांनी लॅबकडे चौकशी केली. लॅबने कंपनीला विचारून दोन दिवसांनी कळवलं. यंत्राला माणसाच्या दोन हजार तीनशे प्रकारच्या पेशी ओळखायला शिकवलेलं होतं. बोकड शिकवलेला नव्हता.